नळी अडकते, वीज जाते, मशीन बंद पडतं: घरी जाण्याआधी तालीम याचीच करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अडीच वर्षांची मुलगी, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली) नळी, रात्री व्हेंटिलेटर, पोटावर फीडसाठी बटण, सर्दी-खोकला झाला की ऑक्सिजन. तीन आठवड्यांनी डिस्चार्ज. सामानाची दीड पानी यादी हातात पडली आणि दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. तुम्ही विचारताय की हे आम्हाला जमेल का, यादीत सगळ्यात महत्त्वाचं मशीन कुठलं, रात्री अलार्म वाजला तर आधी कुठे बघायचं, आम्ही झोपायचं कधी, आणि अगदी शेवटी, जरा संकोचून, तिला आंघोळ घालता येईल का.

मी लहान मुलांच्या आयसीयूत बावीस वर्षं नर्स आहे. त्यातली बरीच वर्षं अशा मुलांना घरी पाठवण्याआधी आईवडिलांना शिकवण्यात गेली. जमेल. चौथी शिकलेल्या आजीला सक्शन, म्हणजे नळीतला कफ मशीनने ओढून काढणं, इतकं सफाईने करताना मी पाहिलंय की नव्या डॉक्टरांनी बघून शिकावं. पण शिकवण्याच्या पद्धतीतच एक खोट राहते, ती आधी सांगते. हॉस्पिटलमध्ये तुम्हाला मशीन चालवायला शिकवतात. हे बटण, हा फिल्टर, हे पाणी इथपर्यंत. चालणारं मशीन कुणालाही चालवता येतं. घरी तुमची परीक्षा होते ती काहीतरी बंद पडतं तेव्हा, आणि हॉस्पिटलमध्ये नेमक्या त्याच वेळी सिस्टर धावत येऊन तुम्हाला बाजूला करतात. म्हणून या तीन आठवड्यांत बिघाडांची तालीम करून घ्या. मागून घ्यावी लागली तर मागा.

आमच्याकडे एक वडील होते. व्हेंटिलेटरचा मेनू तोंडपाठ, सेटिंग्ज मला विचारायच्या आधी तेच सांगायचे. एके दिवशी बाहुलीवर तालीम चालू असताना मी म्हटलं, "नळी बंद झालीय, बदला." नवी नळी हातात घेतली, आणि थांबले. गळ्याची पट्टी कापायला कात्री नव्हती. कपाटात होती, दुसऱ्या खोलीत. त्या दिवसापासून त्यांच्या मुलाच्या खाटेला दोरीने बांधलेली बोथट टोकाची कात्री कायम लटकलेली असायची.

आता गळ्याच्या नळीबद्दल. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या यादीतल्या बाकी कुठल्याही वस्तूने दगा दिला तर हाताशी थोडा वेळ असतो. इथे तो मिनिटांत मोजावा लागतो.

आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा हवा वाटेत कोमट होते, ओलसर होते, गाळली जाते. नळी असलेल्या मुलाची हवा नाकाला वळसा घालून थेट फुप्फुसात जाते. कोरडी हवा गेली की कफ घट्ट होतो, घट्ट कफ नळीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि तिथेच वाळतो. या वयाच्या मुलांच्या नळीचा आतला व्यास साधारण चार मिलीमीटर धरा. आतून सगळीकडे फक्त एक मिलीमीटरचा थर बसला तर व्यास उरतो दोन. वाट निम्मी झाली म्हणजे श्वासाला दुप्पट जोर लागेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नळी अरुंद झाली की प्रवाहाचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ सोळा पट. म्हणूनच सकाळी हसत-खेळत असलेलं मूल दुपारी धापा टाकायला लागतं आणि आईवडील म्हणतात, "अचानक झालं." अचानक काही झालेलं नसतं, थर आदल्या रात्रीपासून बसत होता.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. हवेतला ओलावा सांभाळायचा. दिवसा नळीच्या तोंडावर ते छोटं फिल्टर लावायचं, त्याला कुणी कृत्रिम नाक म्हणतात, रात्री व्हेंटिलेटरला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर. दोन्ही एकदम मात्र कधीही नाही. फिल्टर पाणी पिऊन भिजतं आणि तेच बूच होऊन बसतं. फिल्टरमध्ये कफ दिसला तर धुऊन परत लावायचं नाही, फेकून नवीन लावायचं.

सक्शनमध्ये घरोघरी दोन चुका दिसतात. पहिली म्हणजे कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, खोलवर घालणं. जितकं खोल, तितकं स्वच्छ, असं वाटतं. पण नळीच्या टोकापुढे श्वासनलिकेची नाजूक त्वचा असते, कॅथेटर तिला रोज टोचत राहिला की जखम होते, रक्त येतं, पुढे मांस वाढतं आणि तेच नळीचं तोंड बंद करतं. म्हणून तिच्याच मापाची एक जुनी नळी घ्या, कॅथेटर त्यात घालून टोकाची भोकं जेमतेम बाहेर येतात तिथे खूण करा, आणि ती लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवा. नळीचं माप बदललं की कागदही बदला. दुसरी चूक म्हणजे वेळ. कॅथेटर आत असताना मूल श्वास घेत नसतं, शिवाय आतली हवाही आपण ओढून घेत असतो. आत-बाहेर मिळून पाच ते दहा सेकंद, बास. तिच्या वयाला मशीनचा दाब साधारण ८० ते १०० मिलीमीटर पारा ठेवतात. तो बघताना ट्यूबचं तोंड अंगठ्याने बंद करून काट्याकडे बघा, तोंड उघडं असताना काटा खोटं सांगतो. कफ दिसो न दिसो, दर वेळी सलाईनचे थेंब घालायची सवय लावून घेऊ नका. टीमने सांगितलं असेल तेव्हाच घाला.

दिवसातून किती वेळा सक्शन लागतं ते पहिले दोन आठवडे वहीत मांडा. दहा वेळा लागत असेल तर दहा, तोच तुमच्या मुलीचा आकडा. एखाद्या दिवशी तो वीस झाला, कफ पिवळा-हिरवा किंवा दोऱ्यासारखा चिकट झाला, तर ताप यायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असेल की काहीतरी शिजतंय. वहीचा उपयोग एवढाच. तिच्यात कादंबरी लिहायची नाही.

आणि नळी खरंच अडकली तर? क्रम असा: सक्शन करा. कॅथेटर आत जातच नसेल, किंवा गेला तरी श्वास सुटत नसेल, तर तपासत बसू नका, नळी बदला. मदतीसाठी ओरडा, दुसऱ्याला ॲम्ब्युलन्सला फोन करू दे. खांद्याखाली गुंडाळलेला टॉवेल, मान मागे, पट्टी काढा, जुनी नळी बाहेर, नवी आत. नवी नळी सरकवण्यासाठी तिच्या आत असलेली दांडी लगेच काढा. ही दांडी विसरणारे मी पाहिलेत, आणि ती आत असेपर्यंत नवी नळीही बंदच असते. त्याच मापाची जात नसेल तर अर्धा मिलीमीटर लहान मापाची. तीही जात नसेल तर सक्शनचा कॅथेटर आधी भोकात सरकवून त्याच्यावरून नळी ओवा. नळी बसल्यावरही छाती हलत नसेल तर ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडून दर दोन-तीन सेकंदांनी एक श्वास, छाती वर येईल इतपतच. बॅग दिल्यावरही ती प्रतिसाद देत नसेल तर पुढचं जीवनरक्षक प्रशिक्षण, म्हणजे छातीवर दाब देणं, तुम्हा दोघांनाही डिस्चार्जआधी मिळालेलं असायला हवं. त्याशिवाय घरी जाऊ नका.

एक प्रश्न आजच डॉक्टरांना विचारा आणि उत्तर लिहून घ्या: "नळी बसलीच नाही तर माझी मुलगी नाकातोंडाने श्वास घेऊ शकते का?" काही मुलांना नळी फक्त दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागतो म्हणून असते, त्यांचा वरचा मार्ग मोकळा असतो. त्यांना गळ्याचं भोक बोटाने झाकून तोंडा-नाकावर मास्क लावून बॅग देता येते. काही मुलांचा वरचा मार्गच बंद किंवा फार अरुंद असतो, तिथे मास्क लावून उपयोग नाही, जे करायचं ते गळ्यातूनच. हे ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला माहीत नसतं. एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तिच्या पिशवीला अडकवा.

ती पिशवी. दोन नळ्या (तिच्या मापाची आणि अर्धा मिलीमीटर लहान मापाची), पट्ट्या, कात्री, कॅथेटर, हाताने किंवा पायाने चालणारं सक्शन, ॲम्बू बॅग आणि मास्क, पाण्यात विरघळणारं जेल, एक-दोन फिल्टर, ते कार्ड. मूल जिथे, पिशवी तिथे. शेजारच्या खोलीत, बाल्कनीत, गाडीत, सगळीकडे. "दोनच मिनिटं खाली जातोय" हेच वाक्य मी सगळ्यात जास्त अपघातांच्या आधी ऐकलंय.

तुम्ही विचारलंय, यादीत सगळ्यात महत्त्वाचं मशीन कुठलं. मशीन कुठलंच नाही. यादीच्या तळाशी असलेली ॲम्बू बॅग आणि जादा नळी. व्हेंटिलेटर बंद पडला, ऑक्सिजन संपला, काहीही झालं तरी बॅग आणि हात पुरतात. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची मोठी साथ आली. व्हेंटिलेटर बोटावर मोजण्याइतके होते. तेव्हा गळ्यात नळी घालून, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावून, पेशंटना दिवसच्या दिवस हाताने पिशवी दाबून श्वास दिला, आणि मरणारी माणसं जगली. आजच्या आयसीयूची पद्धत त्यातूनच उभी राहिली. स्वतःहून फुगणारी ॲम्बू बॅगही त्यानंतर चार वर्षांनी, १९५६ मध्ये, डेन्मार्कमध्येच बाजारात आली. तुम्हाला दिवसच्या दिवस दाबायची नाही, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबायची आहे. बाहुलीवर सलग दहा मिनिटं एकदा करून बघा, हात भरून येतो. दोघांनी आळीपाळीने का करायचं ते मग सांगावं लागत नाही.

अलार्मकडे वळते. मी नवी असतानाची गोष्ट. रात्रपाळी, दहा महिन्यांचं बाळ, गळ्यात नळी. रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर ८८ आलं, मग ८५, मग नुसत्या रेघा. मी प्रोब काढला, पुसला, दुसऱ्या अंगठ्याला लावला, वायर हलवली. त्या आठवड्यात तो प्रोब तीनदा सुटला होता, त्यामुळे आजही त्याचंच काहीतरी असणार हे मी मनाशी धरूनच चालले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आई उठून आली आणि म्हणाली, "सिस्टर, त्याचं तोंड बघा ना." ओठ जांभळे पडले होते. नळी बंद होती. बदलली, बाळ सावरलं. पण मशीनशी झटत घालवलेला तो वेळ मला अजून आठवतो.

त्यामुळे अलार्म कुठलाही असो, नजर आधी मुलीवर. ओठांचा रंग, छाती हलतेय का, बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का. पाच सेकंदांचं काम आहे. ती गुलाबी आहे, शांत झोपलीय, मग निवांतपणे मशीनचं बघा: प्रोब सुटला असेल, पाय गार पडला असेल, ती हालचाल करत असेल. रंग बदललाय, धाप आहे, मग आकडा काहीही दाखवो, तुम्ही मुलीच्या बाजूने विश्वास ठेवायचा. उलटंही होतं. ऑक्सिजन चालू असताना श्वास बिघडला तरी आकडा बराच वेळ ९७-९८ राहू शकतो, तो उशिरा पडतो. आणि गडद त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही ध्यानात असू द्या. प्रोबची जागा दर तीन-चार तासांनी बदला, नाहीतर एकाच बोटावर चट्टा पडतो.

व्हेंटिलेटरचे अलार्म ढोबळमानाने दोन जातीचे. दाब कमी पडतोय म्हणजे हवा कुठेतरी निसटतेय: मशीनपासून नळीपर्यंत येणारी ट्यूब सुटली, जोड ढिला झाला, नळीच बाहेर आली. दाब जास्त होतोय म्हणजे कुठेतरी अडलंय: कफ, ट्यूबला पीळ, ट्यूबमध्ये साचलेलं पाणी, किंवा ती रडतेय-खोकतेय. ट्यूबमधलं पाणी काढताना मुलीपासून दूर वाहू द्या, तिच्याकडे कधीही नाही. आता एक गोष्ट, जी घरी जाणाऱ्या प्रत्येकाला मी दोनदा सांगते. लहान मुलांची नळी इतकी बारीक असते की ती गळ्यातून निघून गादीवर पडली तरी तिच्या बारीक भोकामुळे ट्यूबमध्ये दाब टिकून राहतो, आणि व्हेंटिलेटरला वाटतं सगळं ठीक चाललंय. कमी दाबाचा अलार्म वाजेलच असं धरू नका. म्हणून ती झोपलेली असताना ऑक्सिमीटर लावलेलाच हवा. डिस्चार्जआधी सिस्टरांना सांगून हे करून बघा: जादा नळी ट्यूबला जोडून तशीच हवेत सोडा आणि तुमच्या सेटिंगवर अलार्म वाजतो का ते ऐका. नाही वाजला तर मर्यादा बदलायचं काम टीमचं, तुम्ही स्वतः हात लावू नका. सगळी सेटिंग्ज दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो तारखेसकट फोनमध्ये ठेवा. लहानग्या भावंडांची बोटं कुठेही पोचतात.

आणि आवाज. नळी आवाजाच्या पेटीच्या खाली असते, त्यामुळे तिचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि खोलीत शांतता. पहिल्यांदा बघताना आईच्या काळजाचं पाणी होतं. तुम्ही पाठमोऱ्या असाल तर ती तुम्हाला हाकच मारू शकत नाही. तिच्या हातात मोठा खुळखुळा द्या, खाटेच्या कठड्यावर आपटायला शिकवा. बारके घुंगरू नकोत, ते नळीत जातात. पुढे बोलण्याचा व्हॉल्व्ह लावता येईल का ते विचारा. मात्र नळीला फुगा असेल तर तो पूर्ण रिकामा केल्याशिवाय व्हॉल्व्ह लावायचा नाही, कारण तसं केलं तर आत घेतलेला श्वास बाहेर पडायला वाटच राहत नाही.

वीज आणि ऑक्सिजन. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही, खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या चाळणीत अडकवून उरलेला ऑक्सिजन देतो, साधारण ९० ते ९५ टक्क्यांचा. म्हणून भिंतीपासून, पडद्यापासून फूटभर दूर ठेवा, बाहेरचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुवून पूर्ण वाळवून बसवा. प्रवाह अगदी कमी असेल तर येतोय की नाही ते गालाला कळत नाही, ट्यूबचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा, बुडबुडे आले की येतोय. येत नसेल तर बहुतेक वेळा ह्युमिडिफायरच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं.

कॉन्सन्ट्रेटर विजेवर जिवंत, त्यामुळे सोबत सिलिंडर हवाच. तो किती पुरेल याचं गणित आत्ताच करून ठेवा, रात्री दोन वाजता गणित सुचत नाही. सिलिंडरमधले लिटर भागिले मिनिटाचा प्रवाह. १५०० लिटरचा सिलिंडर, मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे ३००० मिनिटं, पन्नास तास. त्यातला पाचवा भाग हिशोबातून काढून टाका, चाळीस तास धरा. काटा निम्म्यावर म्हणजे गॅस निम्मा. सिलिंडर उभा आणि बांधलेला, रेग्युलेटरला तेलकट हात लागू द्यायचा नाही, त्या खोलीत दिवा-काडी-सिगारेट काहीही नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दुसरं जे पेटेल ते भडकवतो.

बॅटरी किती तास चालते ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते नव्या बॅटरीचं असतं. मुलगी जागी आणि ठीक असताना, शेजारी दोघंही असताना, प्लग काढा आणि घड्याळ लावा. सक्शनचं मशीनही तसंच तपासा, तेच बहुतेक वेळा चार्ज करायचं राहून गेलेलं सापडतं. इन्व्हर्टर असेल तर कॉन्सन्ट्रेटर त्यावर किती वेळ तग धरतो तेही बघा, पाच लिटरचं मशीन तीनशे वॅटच्या आसपास खातं आणि इन्व्हर्टरला लवकर झोपवतं. वीजपुरवठा करणाऱ्यांकडे घरात जीवरक्षक मशीन असल्याची नोंद होत असेल तर करून ठेवा. मशीन बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येणार, किती वेळात, आणि तोवर बदली मशीन मिळणार का, हे लेखी घ्या. मुलगी व्हेंटिलेटरशिवाय काही तासही काढू शकत नसेल तर दुसरा व्हेंटिलेटर घरात असण्याबद्दल डॉक्टरांशी आताच बोला.

पोटावरचं बटण त्या मानाने गुणी आहे. फीडच्या आधी-नंतर पाण्याने धुवायचं, औषधं एकात एक न मिसळता एकेक करून द्यायची, फीड चालू असताना डोकं-छाती वर, तयार केलेलं दूध पिशवीत चार तासांपेक्षा जास्त टांगायचं नाही. आतल्या फुग्यातलं पाणी आठवड्यातून एकदा मोजा. हे बटण निघून आलं तर भीती वाटू द्या, पण वेळ घालवू नका: भोक काही तासांतच आवळायला लागतं. टीमने शिकवलं असेल तर जादा बटण किंवा त्या कामासाठी दिलेली नळी आत ठेवा, आणि जागा तपासून झाल्याशिवाय त्यातून काहीही देऊ नका. शस्त्रक्रियेला काही आठवडेच झाले असतील तर घरी प्रयत्नच करू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. नवीन वाट नीट तयार झालेली नसते, बटण पोटाऐवजी भलतीकडे जाऊ शकतं.

झोपेबद्दल. हे तुम्ही इतकं खाली लिहिलंय, मी असते तर पहिलं लिहिलं असतं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१६ मध्ये घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत: घरातल्या किमान दोघांना पूर्ण प्रशिक्षण हवं, आणि मुलाजवळ प्रशिक्षित माणूस कायम असावा, तोही जागा. जागा. म्हणजे शेजारी झोपलेली आई यात धरलेली नाही. बहुतेक घरांना रात्रभर नर्स मिळत नाही, परवडत नाही, हे मलाही कळतं. मग रात्रीचे दोन तुकडे करा. एकाने दोनपर्यंत, दुसऱ्याने दोननंतर, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. दोघंही अर्धवट जागे राहिलात तर घरात एकही नीट जागं माणूस उरत नाही. "मला झोप येतच नाही" म्हणणाऱ्या आईने तीन आठवड्यांनी कॅथेटर हातात धरून उभ्या-उभ्या डुलकी काढलेली मी पाहिलीय.

तिसरं माणूस तयार करा. आजी, मावशी, काका, शेजारची कुणी, ज्याचा हात थरथरत नाही असं कुणीही. वयाचा, शिक्षणाचा इथे फारसा संबंध नाही. त्यांनाही आत्ताच वॉर्डात आणा, आमच्यासमोर निदान दोनदा नळी बदलू द्या. आणि डिस्चार्जआधीचा एक पूर्ण दिवस आणि एक रात्र, हॉस्पिटलमध्येच पण वेगळ्या खोलीत, सगळं तुम्ही दोघांनीच करायचं, सिस्टर फक्त हाकेच्या अंतरावर. बऱ्याच ठिकाणी हे करतातच, नसतील करत तर हट्ट धरा. त्या रात्री जे चुकेल ते वहीत लिहा. माझ्या अनुभवात दर वेळी निदान चार-पाच गोष्टी निघतात, आणि त्या सगळ्या क्षुल्लक असतात: प्लगची वायर तोकडी, खाटेजवळ दिवा नाही, कचऱ्याची बादली लांब.

आता आंघोळ. हो, घालता येते. तुम्ही दोघंही असाल तेव्हाच घाला, सक्शन आणि पिशवी न्हाणीघराच्या दारात. उथळ टब, बसल्यावर पाणी तिच्या कमरेपर्यंत, त्याच्या वर नाही. एकाने मागून धरायचं, दुसऱ्याने मगाने हळूहळू, छातीच्या खालीच. डोकं धुताना तिला मागे रेलवा, कपाळाकडून मागे पाणी, गळ्यावर हाताचा आडोसा. ते कृत्रिम नाक भिजलं तर लगेच बदला. शॉवर आणि बुडबुड्यांचा साबण सध्या नको, नंतर पावडर तर कधीच नको, तिचा धुरळा सरळ आत जातो. आंघोळ झाली की गळ्याची पट्टी ओली झालेली असते, ओल्या पट्टीखाली त्वचा सोलवटते. ती दोघांनी मिळून बदलायची, एकाने नळी बोटांनी धरून ठेवायची आणि दुसरी पट्टी नीट बसेपर्यंत सोडायची नाही. पट्टीखाली एक बोट जेमतेम जायला हवं. पाण्यात ती हात आपटेल, तुमच्या अंगावर उडवेल, त्याला हरकत नाही. फक्त तिने तोंड खाली घातलं की लगेच वर घ्या.